घरात रात्री झोप कोणाला लागते?

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लेकीचा आहे. थोडक्यात असा: "बाबा ६८ वर्षांचे. फुफ्फुसाचा कॅन्सर, पाठीच्या मणक्यांत पसरलाय. केमोचे चार डोस झाले. आता डॉक्टरांनी फाइलवर 'पॅलिएटिव्ह केअरला दाखवा' असं लिहिलंय. पुण्याचा भाऊ म्हणतो, डॉक्टरांनी हात टेकले, बाबांना मुंबईला हलवू. मॉर्फिनच्या गोळ्या दिल्यात, पण आई द्यायला घाबरते. बाबांना 'छातीत गाठ आहे' एवढंच सांगितलंय. जेवणावरून दोघांचं रोज वाजतं. (आई दोन महिने नीट झोपलेली नाही.) बाबा दिवसातून तीनदा विचारतात, काजूच्या बागेची बेणणी (झाडांखालचं रान साफ करणं) झाली का. आम्ही विषय बदलतो. त्यांना घरी ठेवावं की इस्पितळात?"

ताई, तुम्ही कंसात टाकलेल्या वाक्यापासून सुरुवात करते.

मी मूळची भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावरच्या माणसाला दुखू न देणं हे माझं काम, आणि टेबलावरून उतरला की तो दुसऱ्या कोणाचा तरी पेशंट. वीसेक वर्षांपूर्वी वेदनेच्या ओपीडीत बसायला लागले, मग पेशंटच्या घरी जायला लागले, आणि पेडण्यापासून काणकोणापर्यंतची बरीच घरं आतून पाहिली. घरी गेल्यावर मी 'दुखतं का?' असं आधी विचारत नाही. आपल्याकडची वडीलधारी माणसं त्यावर 'बरं आहे' म्हणतात आणि बायकोकडे बघतात. मी विचारते, या घरात रात्री झोप कोणाला लागते? या प्रश्नाला खोटं उत्तर देणं कठीण असतं. कोण कुठल्या खोलीत झोपतं, दिवा कधी लागतो, कोण उठून परसात जाऊन रडून येतं, औषध कोण देतं, फोन कोणाला लावतात, सगळं त्या एका प्रश्नातून बाहेर येतं. कॅन्सरचा दिवस माणसांनी भरलेला असतो. जे काही निस्तरायचं असतं ते रात्री दोन ते पाचमध्ये.

आता भावाच्या म्हणण्याकडे. 'पॅलिएटिव्ह' म्हणजे आजारासोबत येणारी वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार. पण हा शब्द फाइलवर आला की घरात सुतक उतरतं, हे मला माहीत आहे. दोष आम्हा डॉक्टरांचाही आहे. आम्ही हा शब्द फार उशिरा आणि फार घाईत लिहितो. पण २०१० साली बोस्टनमध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तोही नेमका तुमच्या बाबांना आहे त्या फुफ्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरवर. १५१ पेशंट होते. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या लोकांचे दिवस बरे गेले, उदासी कमी होती, आणि शेवटी शेवटी जोरकस उपचार कमी घेऊनही ते जास्त जगले. मध्यक (मेडियन) काढला तर ११.६ महिने, तर पहिल्या गटाचे ८.९. हा आकडा मी कुणाला आशेचं गाजर म्हणून दाखवत नाही. फक्त 'पॅलिएटिव्हला गेलं की माणूस लवकर जातो' हे जे गावभर बोललं जातं, त्याला उत्तर म्हणून जवळ ठेवते. भावाला हाच परिच्छेद पाठवा.

आणि त्याला हेही सांगा की केमो चालू असताना पॅलिएटिव्ह घेता येतं, किरणोपचार चालू असतानाही घेता येतं. बाबांच्या मणक्यांसाठी तर मी कॅन्सरतज्ज्ञांना स्वतः विचारेन की एका बैठकीचे किरणोपचार देता येतील का. हाडात पसरलेल्या कॅन्सरच्या वेदनेवर पुष्कळदा एकच बैठक अनेक बैठकींइतका गुण देते. गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, पण म्हाताऱ्या माणसाच्या दहा फेऱ्या वाचतात. वाळपईहून बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, रोज जाऊन येणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

मुंबईला हलवायचं की नाही? दुसरं मत घ्यायचं असेल तर फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी घेऊन भावाने एकट्याने जावं. बाबांना कोकणकन्येत बसवायची गरज नाही. तिथल्या डॉक्टरांनी 'पेशंटला आणा, काहीतरी वेगळं करता येईल' असं म्हटलं तर मग विचार करू. कित्येकांना मी परळच्या फुटपाथवर पाठीला उशी लावून बसलेले पाहिले आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांच्या हातात इकडच्याच औषधांची चिठ्ठी होती.

मॉर्फिन. इथे थोडी थांबते, कारण आज रात्री तुमच्या घरात फरक पडायचा असेल तर तो इथेच पडेल.

आईची भीती तीन प्रकारची असणार: सवय लागेल, गुंगीत पडून राहतील, आणि ही शेवटची गोळी आहे. तिसरी भीती ती बोलून दाखवणार नाही, पण खरी तीच. तिला सांगा, मॉर्फिन आजाराची पायरी बघून देत नाहीत, वेदना बघून देतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच कॅन्सरच्या वेदनेसाठी जी पायऱ्यांची पद्धत घालून दिली, तिच्यात ते तीव्र वेदनेचं औषध आहे. वेदना कमी झाली, किरणोपचाराचा गुण आला, तर डोस हळूहळू उतरवताही येतो. माझे काही पेशंट मॉर्फिन घेऊन दुकानाच्या गल्ल्यावर बसत. दुखण्यासाठी, ठरल्या वेळी, ठरल्या मापात घेणाऱ्या माणसाला व्यसन लागणं फार विरळा.

मग एवढी भीती आली कुठून? थोडी सिनेमातून, बरीचशी कायद्यातून. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर मॉर्फिनची कागदपत्रं इतकी वाढली की इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. डॉक्टरांच्या एका आख्ख्या पिढीने ते कधी हाताळलंच नाही, मग ती पिढी पेशंटला धीर काय देणार. २०१४ साली कायदा सुधारला, मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली, मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरी गल्लीच्या फार्मसीत ही गोळी मिळणार नाही. ती मान्यता असलेल्या संस्थेतूनच घ्यावी लागते, म्हणून संपायच्या आधी चार दिवस फेरी मारा. शनिवारी संध्याकाळी गोळी संपली आणि सोमवारी ओपीडी, हा प्रकार मी नको तितक्या वेळा पाहिला आहे.

साधी गोळी चार तास पुरते. म्हणून ती 'दुखलं की' घेण्याची नाही, घड्याळ लावून घेण्याची: सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. रात्री दहाचा डोस बहुधा दुप्पट देतात, म्हणजे दोन वाजता उठवावं लागत नाही. तुमच्या चिठ्ठीवर तसं लिहिलं नसेल तर डॉक्टरांना विचारा, मनाने करू नका. मधेच कळ उठली तर वेगळा जादा डोस असतो, तोही लिहून घ्या. पहिले दोन-तीन दिवस बाबा जास्त झोपतील, थोडं मळमळेल. त्या झोपेला घाबरून औषध बंद करू नका. कित्येक रात्रींची उधारी ते फेडत असतात. मात्र हलवूनही नीट जागे होत नसतील, श्वास फार संथ झाला असेल, हातपाय झटके देत असतील, तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करा. मूत्रपिंड अशक्त असलेल्यांत हे औषध शरीरात साठतं, हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण लघवी कमी झालीय हे घरच्यांनीच सांगावं लागतं.

आणि बद्धकोष्ठ. मॉर्फिनची मळमळ जाते, गुंगी जाते, बद्धकोष्ठ जात नाही. म्हणून पहिल्या गोळीसोबतच पोट साफ करणारं औषध सुरू व्हायला हवं. इसबगोल इथे कामाचं नाही. पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात ते आणखी घट्ट होऊन बसतं. हसू नका, पण मी बघितलेल्या 'वेदना सहन होत नाहीत' अशा रात्रींच्या फोनांपैकी बऱ्याच फोनांचं मूळ पाच दिवस न झालेल्या परसाकडे सापडलं.

वेदनेबद्दल बाबांना विचारताना 'दहापैकी किती?' विचारून पाहा, पण आपल्या भागात आकड्यापेक्षा शब्द जास्त सांगतात. ठणका म्हणाले तर बहुधा हाड. चमक, जळजळ, मुंग्या म्हणाले तर नस, आणि तिला वेगळी गोळी जोडावी लागते. 'उगाच अंग जड वाटतं, कशात मन लागत नाही' म्हणाले तर मॉर्फिन वाढवून काही होणार नाही.

त्या शेवटच्या वेदनेसाठी सिसिली सॉन्डर्स यांनी एक शब्द दिला, 'टोटल पेन', सगळी मिळून एक वेदना. सॉन्डर्स आधी परिचारिका, मग इस्पितळातल्या समाजसेविका, मग डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांना सांभाळणारं घर, काढलं. त्या तीन व्यवसायांतून गेल्या म्हणूनच त्यांना हे दिसलं असावं, असं मला नेहमी वाटतं. शरीराचं दुखणं, मनाचं, घरादाराचं आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हे, चारही एकाच उशीवर झोपतात.

तुमच्या बाबांच्या उशीवर मला काजूची बाग दिसते.

ते दिवसातून तीनदा बेणणीचं का विचारतात? फेब्रुवारी-मार्चात बोंडू पिकून पडायच्या आधी खालचं रान साफ झालं नाही तर बी सापडत नाही, आणि वणवा लागला तर झाडं जातात. हे त्यांना माहीत आहे, तुम्हालाही माहीत आहे. तरी तुम्ही विषय बदलता, कारण त्या प्रश्नामागचा दुसरा प्रश्न तुम्हाला ऐकू येतो: पुढल्या वर्षी कोण करणार? ज्याला छातीत नुसती गाठ आहे तो माणूस हा प्रश्न तीनदा विचारत नाही, ताई. त्यांना कळलेलं आहे.

पेडण्याकडचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक माझे पेशंट होते. बायको मला फाटकापाशी गाठून म्हणायची, "डॉक्टर, ह्यांना काही सांगू नका, खचतील." आत गेल्यावर ती चहा करायला वळली की मास्तर हळूच म्हणायचे, "तिला काही कळू देऊ नका हं." उशीखाली त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत एलआयसीचे कागद, पासबुकं आणि एक चिठ्ठी ठेवली होती. सोसायटीत किती भरायचे आहेत, कोणाकडून किती यायचे आहेत, लग्नात आलेली तांब्याची घागर कोणत्या नातीला. चार महिने ती पिशवी उशीखाली होती आणि रोज अंथरूण झटकणाऱ्या बायकोला ती सापडली नव्हती, यावर माझा विश्वास नाही. शेवटी मी दोघांना एका खोलीत बसवून एवढंच म्हटलं, "तुम्ही दोघंही मला एकच गोष्ट एकमेकांपासून लपवायला सांगताय." दोघं रडले. मग ती म्हणाली, "घागर धाकटीला नको, ती मोडीत घालेल." त्या दिवसापासून त्यांच्या झोपेची गोळी अर्ध्यावर आली.

म्हणून 'सांगावं की नाही' हा प्रश्न मी तसा ठेवत नाही. बाबांना किती जाणून घ्यायचंय, हे त्यांनाच विचारायचं. "बाबा, तुम्हाला काय वाटतं, आजार कुठवर आलाय?" एवढं विचारून गप्प बसा. ही गप्प बसण्याची मिनिटं फार लांब वाटतात, मधे बोलू नका. ते 'डॉक्टर बघतील' म्हणाले तर तिथेच थांबायचं, आज नको आहे त्यांना. 'किती दिवस?' म्हणाले तर आकडा सांगू नका, आकडा आम्हालाही माहीत नसतो. "हिशेब दिवसांत करायचा की महिन्यांत, ते डॉक्टरांना दोघं मिळून विचारू" म्हणा. खोटं मात्र बोलू नका. एकदा पकडलं गेलं की मग खरं सांगितलेलंही ते धरत नाहीत.

यात देव येणारच. आपल्याकडे कौल घेतल्याशिवाय मोठा निर्णय होत नाही. पूर्वी मी चिडायचे. फोंड्याकडच्या एका घरात बाईंची वेदना आटोक्यात येत होती आणि अचानक औषध बंद. कारण विचारलं तर म्हणाले, प्रसाद डावा झाला, म्हणजे देवाला लावलेली पाकळी डावीकडून पडली, देवाचा नकार. मी म्हटलं, पण देवाला नेमकं काय विचारलंत? तर गाऱ्हाणं घातलं होतं, "हिला इस्पितळात घालू का?" मी म्हटलं, बरोबर आहे, इस्पितळात नकोच, पण दुखणं कमी व्हायला घरी गोळी द्यायची का, हे वेगळं विचारा की. दुसऱ्या दिवशी उजवी पाकळी पडली. डावी पडली असती तर मी काय केलं असतं ते मलाही ठाऊक नाही. तेव्हापासून मी कौलाला औषधाचा शत्रू मानत नाही. प्रश्न नीट घातला गेला की नाही, तेवढं बघते.

आता जेवण. तुमच्या आईने आयुष्यभर प्रेम ताटातून दिलं. आता तेच ताट परत येतंय, म्हणून ती भांडते. तिला एक गोष्ट कोणीतरी नीट समजावून सांगायला हवी: पसरलेल्या कॅन्सरमध्ये शरीर अन्न वापरायची पद्धतच बदलतं. माणूस खात नाही म्हणून वाळत चालला, असं दिसतं. पुष्कळदा आजार वाळवतो आणि भूकही तोच मारतो. जबरदस्तीने घातलेला घास अंगी लागत नाही, ठसका मात्र लावतो. तिची काही चूक नाही.

आधी बाबांचं तोंड टॉर्च लावून बघा. पांढरे पापुद्रे असतील तर ती बुरशी आहे, औषधाने आठवड्यात जाते, आणि 'अन्नाची चव गेली' ही तक्रार तिच्यासोबत जाते. पेलाभर पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाचदा चूळ. मग लहान वाटी, मोठं ताट नको. उकड्या तांदळाची पेज, नाचणीचं तिजन, तोंड आलेलं नसेल तर सोलकढी. पथ्याच्या याद्या कोण शेजारी देऊन गेला असेल तर चुलीत घाला. एका आजीने माझ्यासमोर सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर मागितली, सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, द्या. आजीने दोन चिमटी खाल्ली, तिखटाने नाक पुसलं आणि सुनेला म्हणाली, "खोबरं कमी पडलंय." सासू परत आल्याचा आनंद सुनेच्या तोंडावर मी पहिल्यांदाच पाहिला.

आईबद्दल आणखी एक. तिची स्वतःची प्रेशरची गोळी चालू आहे का? शुगर शेवटची कधी तपासली? बाबांच्या ओपीडीच्या दिवशी तिचं प्रेशर तिथेच बघून घ्या. आठवड्यातून दोन रात्री तुम्ही किंवा वहिनी बाबांच्या खोलीत झोपा आणि आईला आतल्या खोलीत पाठवा, दार लावून. ती 'मला झोप येत नाही' म्हणेल. येत नसेल तर पडून राहूदे. मनावरचं ओझं बोलायला घरात कोणी नसेल तर टेलिमानस हा सरकारी नंबर आहे, १४४१६. तो पेशंटसाठी आहे तसाच आईसाठीही आहे. घरात लहान मुलं असतील तर त्यांनाही साध्या शब्दांत सांगा. आजोबांना संसर्गाचा रोग झालाय असं समजून दाराआडून बघणारी मुलं मी पाहिली आहेत.

भाऊ. आम्ही आपापसांत त्याला 'चवथीचा मुलगा' म्हणतो, दुष्टपणाने नव्हे. वर्षातून एकदा, गणेश चतुर्थीला, गणपतीवरची माटोळी बांधायला येतो, बाबा त्याच्या डोक्यात अजून गेल्या चवथीएवढे धडधाकट असतात. आता अचानक अंथरुणातला माणूस दिसला की तो मुंबई, सिंगापूर, जे सुचेल ते बोलतो. तो अपराधीपणा आहे. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला काम द्या. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण केलंय का, त्यात किती शिल्लक आहे, हे त्याने बघावं (तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, त्याहून मोठ्याला चार लाख). बँकेचे नॉमिनी, विमा, बागेचे कागद त्याने लावावे. आपल्या गोव्याच्या कायद्यात लग्नाच्या वेळी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, जमिनीच्या व्यवहाराला दोघांची सही लागते, आणि मुलं असताना मृत्युपत्राने निम्म्याहून जास्त वाटता येत नाही. हे सगळं बाबा शुद्धीवर आणि बसते असताना, त्यांच्या इच्छेने उरकलं तर पुढे आईला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत. आणि शेवटच्या आशेपोटी बाग विकून कुठल्या चमत्कारी औषधाला पैसे ओतायची भाषा घरात निघाली, तर आधी बाबांना विचारा.

त्याच बैठकीत आणखी एक विषय काढा. शेवटी नळ्या, व्हेंटिलेटर हवा की नको, हे माणसाला आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली तो हक्क मान्य केला आणि २०२३ साली पद्धत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर साक्षांकन. गोव्यात मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं असं पत्र करून सुरुवात केली, म्हणून आता लोकांना हा विषय अगदीच अभद्र वाटत नाही. कागद करायचा नसेल तरी निदान बोलून ठेवा.

घर की इस्पितळ? तुमचं पत्र वाचून मी घर म्हणेन. वेदना, मळमळ, दम, झोप, यातलं बहुतेक घरी हाताळता येतं. दम लागला तर खिडकी उघडा, डोकं उंच करा, छोटा पंखा चेहऱ्यावर धरा. गालांवरच्या वाऱ्याने खरोखर दम कमी वाटतो, घरातल्या बहुतेक ऑक्सिजन सिलिंडरांपेक्षा मला त्या पंख्यावर जास्त भरवसा आहे. पण दोन गोष्टींना थांबू नका. एक, पायांत अचानक अशक्तपणा, बधिरपणा, लघवी अडणं किंवा पाठीची नवीन सणक. मणक्यातला कॅन्सर मज्जारज्जूवर दाबतोय असा त्याचा अर्थ असू शकतो. त्याच दिवशी बांबोळी, उद्यावर ढकललंत तर पाय कायमचे जाऊ शकतात. दुसरी, केमोनंतरच्या दिवसांत १००.४ च्या वर ताप. पॅरासिटामोल देऊन सकाळची वाट बघायची नाही, १०८ बोलवायची.

घरी झेपेनासं झालं तर तेही चालतं, त्यात कुणी हरलेलं नसतं. साष्टीत लोटलीला शांती अवेदना सदन आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस ज्या संस्थेने १९८६ साली मुंबईत वांद्र्याला काढलं, तिचंच. टाटा इस्पितळातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते उभं केलं. धर्म विचारत नाहीत, पैसे घेत नाहीत. काही घरं पेशंटला तिथे पंधरा दिवस ठेवतात, वेदना बसते, घरचे झोपून घेतात, आणि परत नेतात.

शेवटचे दिवस घरीच जाणार असतील तर काय दिसेल ते आईला आधी सांगून ठेवा. झोप वाढते, खाणं-पाणी सुटतं, हातपाय गार पडतात, श्वास मधेच थांबून पुन्हा येतो. घशात घरघर होते. ती ऐकणाऱ्याला जास्त छळते, पेशंटला बहुधा जाणवत नाही. कुशीवर वळवा, त्यावर औषधही आहे. सलाइन लावायचा हट्ट नातेवाईक धरतील. त्या वेळी ते पाणी पुष्कळदा फुफ्फुसात आणि पायांत साठतं. ओठ ओल्या कापसाने पुसत राहा, ते पुरतं. नाव घेऊन बोलत राहा. आणि रुक्ष वाटेल पण करा: गावच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आत्ताच एकदा घरी आणून फाइल दाखवा. रात्री-अपरात्री मृत्यूचा दाखला द्यायला कोणी ओळखीचं नसलं की अनोळखी डॉक्टर सही करायला कचरतो, आणि घरच्यांना नको ते सोसावं लागतं. पंचायतीत नोंद २१ दिवसांत.

पण ते पुढचं. तुम्ही विचारलेलं नाही, तरी बागेचं सांगते. मणके प्रवास सोसतील का, पट्टा लागेल का, हे कॅन्सरतज्ज्ञांना फोनवर विचारा. हो म्हणाले तर बेणणीला माणसं लावा आणि ज्या दिवशी लावाल त्या दिवशी बाबांना घेऊन जा. निघायच्या अर्धा तास आधी जादा डोस द्यायचा का ते त्याच फोनवर ठरवा. गाडीत पुढच्या सीटवर, पाठीला उशी, खड्ड्यांपाशी हळू. प्लास्टिकची खुर्ची डिकीत टाका, सावलीच्या झाडाखाली मांडा. भावाला त्या दिवशी पुण्याहून बोलवा, आणि कोयता कुठे धरायचा ते बाबांनी त्याला ओरडून सांगितलं तर सांगू द्या. ऊन चढायच्या आत परत या.